जुन्या ध्वनिवर्धकाची परीक्षा

श्रोतेहो, आपल्या नागपुरांतील जुन्या घरांत, महालांतला वाडा असो किंवा धरमपेठेंतला बंगला असो, माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशीं एखादें जड लोखंडी यंत्र अजून सांपडतें. वर कांचेच्या चार-पांच नळ्या, मागें दोन-तीन काळे ठोकळे आणि खालीं धूळ बसलेल्या तारांचें जाळें. घरांतील माणसें त्याला 'आजोबांचा अँप्लिफायर' म्हणतात; आपण त्याला ध्वनिवर्धक म्हणूं. घर आवरतांना तें हातीं लागलें म्हणजे बहुधा दोनच प्रश्न निघतात. हें भंगारवाल्याला द्यावें काय? आणि द्यावयाचें नसेल, तर तें चालतें काय? पैकीं दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर लोक तत्काळ, म्हणजे खटका दाबून, शोधतात. ही घाई किती महाग पडते, आणि जुन्या यंत्राच्या कोणत्या भागाला म्हातारा म्हणावें व कोणत्याला केवळ वडीलधारा म्हणावें, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम या यंत्राचें कूळ पाहूं. ध्वनिवर्धकाचा इतिहास गाण्यापासून सुरू होत नाहीं, तो टेलिफोनपासून सुरू होतो. १९०४ सालीं इंग्लंडांत फ्लेमिंग यांनीं दोन विद्युदग्रांचा व्हॉल्व्ह तयार केला. १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं त्या दोहोंच्या मध्यें तिसरा भाग, तारेची एक बारीक जाळी, बसविली. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, अ‍ॅनोडवरील मोठा धन दाब त्यांना ओढून घेतो, आणि मधली जाळी त्या ओघाला आवरते किंवा मोकळा सोडते. जाळीवर अगदीं क्षीण आवाजाची लहर आली कीं तिचेंच मोठें रूप अ‍ॅनोडवर उमटतें. २५ जानेवारी १९१५ रोजीं न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत माणसाचा आवाज तारेवरून पोंचला, तो वाटेंत अशाच व्हॉल्व्हांनीं त्याला पुनःपुन्हां बळ दिलें म्हणून. पुढें हीच युक्ति रेडिओंत आली, बोलपटांत आली आणि घरच्या ग्रामोफोनलाही लाभली. १९३६ सालीं अमेरिकेंत ६एल६ हा प्रबळ व्हॉल्व्ह निघाला. १९४७ च्या एप्रिल व मे महिन्यांत 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकांत विल्यम्सन यांनीं पंधरा वॉटच्या एका ध्वनिवर्धकाची रचना प्रसिद्ध केली, आणि मूळचा आवाज जवळजवळ निर्दोष वाढवितां येतो हें जगभरच्या हौशी लोकांनीं आपल्या हातांनीं करून पाहिलें.

नागपुरापुरतें बोलावयाचें तर एक योगायोग लक्षांत घेण्याजोगा आहे. १६ जुलै १९४८ रोजीं, हें शहर मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी असतांना, येथील नभोवाणी केंद्र सुरू झालें. त्यापूर्वीं अवघे सोळा दिवस, ३० जून रोजीं, न्यूयॉर्क येथें बेल प्रयोगशाळेनें ट्रान्झिस्टर नांवाची एक चिमुकली वस्तु वृत्तपत्रांपुढें मांडली होती. नागपूरच्या केंद्राचा आवाज व्हॉल्व्हांतून घरोघर जाऊं लागला त्याच पंधरवड्यांत व्हॉल्व्हच्या वारसदाराचें नांव जगाला कळलें! परंतु वारसदार गादीवर यावयास बराच काळ जावा लागला. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या १९५४ सालीं स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यानें रेडिओचे व्हॉल्व्ह देशांत तयार करावयास आरंभ केला तो १९६१ सालीं. १ नोव्हेंबर १९६७ रोजीं विविध भारतीवर मुंबई, पुणें आणि नागपूर या केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या, तेव्हांही पुष्कळ घरांतून त्या व्हॉल्व्हच्याच यंत्रांवर ऐकल्या गेल्या. म्हणजे आपल्या माळ्यावरचें यंत्र पन्नाशी उलटलेलें खास, आणि कदाचित् पंचाहत्तरीचेंही असेल.

आतां माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगतों. आमच्या आजोबांचा ध्वनिवर्धक त्यांच्या मागें बावीस वर्षें ट्रंकेशेजारीं पडून होता. एका वर्षीं त्यांच्या श्राद्धाच्या दिवशीं संध्याकाळीं, त्यांच्या आवडीच्या तबकड्या सर्वांना ऐकवाव्या, असें माझ्या मनानें घेतलें. मीं धूळ पुसली, नळ्या घट्ट बसविल्या आणि खटका दाबला. नळ्या तांबूस उजळल्या. घरांत आनंद झाला. आजोबांच्या खोलींत पुन्हां गाणें लागलें, आणि आमची आजी, जी त्या खोलींत सहसा जात नसे, ती दारांत येऊन उभी राहिली. पांच-सहा मिनिटें सारें सुरळीत चाललें. मग आवाज घोगरा झाला, एका नळीची आंतली पत्री लाल दिसूं लागली, करपट वास सुटला आणि सर्व शांत झालें. आजी कांहीं बोलली नाहीं. ती परत फिरली.

दुसऱ्या दिवशीं तें ओझें घेऊन मी सीताबर्डीवरील एका वृद्ध कारागिराकडे गेलों. त्यांनीं यंत्र उलटें केलें, दोन मिनिटें पाहिलें, आणि मेण सांडलेल्या एका बोटभर नळकांडीवर पेन्सिल टेकवून म्हटलें, "भाऊ, हा गेला होता, ह्यानं व्हॉल्व्ह नेला, अन् व्हॉल्व्हनं ट्रान्सफॉर्मर नेला. चालू करायच्या आधी आणलं असतं तर एवढाच बदलावा लागला असता." ती नळकांडी म्हणजे यंत्रांतील सर्वांत स्वस्त वस्तूंपैकीं एक, आणि जळालेला ट्रान्सफॉर्मर सर्वांत महाग व दुर्मिळ. त्यांच्यापाशीं पुढें बसून जें शिकलों, त्याचा सारांश आपणांपुढें ठेवतों.

पहिलें सूत्र हें कीं यंत्राला एकच वय नसतें. एका छपराखालीं राहणाऱ्या कुटुंबांत जशीं निरनिराळ्या प्रकृतीचीं माणसें असतात, तसे यंत्रांतील भाग निरनिराळ्या गतीनें म्हातारे होतात. कंडेन्सर आधीं थकतात, त्यांच्यामागून कोळशाचे रोधक, आणि व्हॉल्व्ह व ट्रान्सफॉर्मर बहुधा सर्वांच्या शेवटीं. तेव्हां परीक्षाही भागाभागाची निराळी हवी.

कंडेन्सर मुख्यतः दोन जातींचे असतात. पहिला मोठा, ॲल्युमिनियमच्या डब्यांतला, ज्याला इलेक्ट्रोलिटिक म्हणतात. त्याच्या आंतल्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यालगत ओलसर रसायन. विजेच्या प्रवाहांतील चढउतार गिळून तो सरळ करणें हें याचें काम. याचे शत्रु दोन. एक उष्णता, तिनें रसायन सुकतें. तपमान दर दहा अंशांनीं वाढलें कीं अशा कंडेन्सरचें आयुष्य सुमारें निम्मे होतें, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. ज्या शहरांत २०१३ च्या मे महिन्यांत पारा ४७.९ अंशांवर गेला, तेथें या ठोकताळ्याचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. दुसरा शत्रु आळस. वर्षानुवर्षें वीज न मिळाल्यास तो ऑक्साइडचा थर क्षीण होतो, आणि एकदम पूर्ण दाब दिला तर कंडेन्सर तापून फुटतो. उलट, मोठ्या रोधकांतून अगदीं थोडा प्रवाह देत कांहीं तास, कधीं कांहीं दिवस, त्याला हळूहळू दाबाची संवय लावली तर पुष्कळदां तो थर पुन्हां बांधला जातो. दीर्घ उपासानंतर माणसाला प्रथम पेज देतात, पंक्तीचें जेवण देत नाहींत. तसेंच हें आहे. डब्याचें तोंड फुगलेलें असेल, तळाशीं रस पाझरलेला असेल किंवा इतकी संवय लावूनही गळती कमी होत नसेल, तर मात्र त्याला निरोप द्यावा.

दुसरी जात मेणकागदाच्या कंडेन्सरांची, आणि आमच्या घरचा अपराधी याच जातीचा. एका व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडवरील आवाजाची लहर पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर जाऊं द्यावयाची, पण अ‍ॅनोडवरील मोठा स्थिर दाब मात्र अडवून धरावयाचा, हें द्वारपालाचें काम त्याचें. उन्हाळ्यांत मेण मऊ होऊन ओघळतें, पावसाळ्यांत त्याच फटींतून दमट हवा कागदांत शिरते. आपल्याकडे तर उन्हाळ्यांतही खिडकीला वाळ्याचे भिजविलेले पडदे, आणि रेडिओचें टेबल बहुधा त्या गार झुळुकीजवळच! माणसाला जो आराम तोच कागदी कंडेन्सरला संकट. कागद ओलसर झाला कीं द्वारपाल लांच खाऊं लागतो. थोडा स्थिर दाब आंत सोडूं लागतो.

किती थोडा, हें आंकड्यांनीं पाहूं. मागच्या अ‍ॅनोडवर २५० व्होल्ट आहेत आणि पुढच्या जाळीपाशीं ४ लाख ७० हजार ओहमचा रोधक आहे असें समजा. कंडेन्सरचा रोध ५ कोटी ओहमपर्यंत उतरला, तर जाळीवर सुमारें २.३ व्होल्ट पोंचतात. खिशांतला साधा मीटर दोन-चार व्होल्टांच्या बॅटरीवर चालतो. तो हा कंडेन्सर निर्दोष म्हणून सांगेल. पण ६व्ही६ या नेहमीच्या व्हॉल्व्हची जाळी २५० व्होल्टांच्या अ‍ॅनोडबरोबर १२.५ व्होल्ट ऋण ठेवावयाची असते, आणि तेव्हां अ‍ॅनोडचा प्रवाह ४५ मिलिअँपियर असतो. जाळीचा हा ऋण दाब बाहेरून ठराविक दिलेला असेल, तर वरच्या २.३ व्होल्टांनीं प्रवाह सुमारें ९ मिलिअँपियरनें वाढतो. गळती दसपट झाली तर तोच दाब २१ व्होल्टांवर जाऊं पाहतो, जाळीचें ऋण संरक्षण पार बुडतें, अ‍ॅनोड लाल होतो, आणि पुढची कथा मीं सांगितलीच आहे.

म्हणून या कंडेन्सरची खरी परीक्षा त्याला त्याच्या कर्तव्याच्या ताणाखालीं ठेवूनच होते. जाळीकडचें त्याचें टोंक सोडवावें, यंत्राला वीज द्यावी, आणि त्या मोकळ्या टोंकावर स्थिर दाब सांपडतो काय तें चांगल्या मीटरनें पाहावें. निर्दोष कंडेन्सर असेल तर वीज देतांक्षणीं कांटा क्षणभर हलेल आणि शून्यावर परत येईल. तो व्होल्ट-दोन व्होल्टांवर ठाण मांडून बसला तर कंडेन्सर बदलावा. रिकाम्या वेळीं सारेच प्रामाणिक दिसतात. दाब आला म्हणजे कोण गळतो तें कळतें.

कोळशाचे रोधक, ज्यांना आमचे कारागीर रेझिस्टन्स म्हणतात, ते निराळ्या रीतीनें बिघडतात. त्यांची किंमत उष्णतेनें व दमटपणानें बहुधा वाढत जाते. त्यांच्यावर रंगाचे पट्टे असतात. शेवटचा पट्टा सोनेरी असल्यास पांच टक्के, रुपेरी असल्यास दहा टक्के, आणि पट्टाच नसल्यास वीस टक्के फरक कारखान्यांतच मान्य केलेला असतो. तेव्हां पट्टा नसलेला एक लाख ओहमचा रोधक एक लाख पंधरा हजार भरला, तर तो दोषी नव्हे. तो आजोबांच्या वेळींही तसाच असेल. दीड लाख भरला तर त्याची सेवा संपली.

आतां व्हॉल्व्ह. येथें डोळे फसवितात. नळी उजळली म्हणजे ती जिवंत, ही सर्वसाधारण समजूत. उजळते ती केवळ आंतली तापतार. कॅथोडवरील लेपांतून इलेक्ट्रॉन पुरेसे निघतात कीं नाहींत, हें त्या उजेडावरून कळत नाहीं. नळीच्या माथ्यावर किंवा बाजूला आरशासारखा रुपेरी-काळसर डाग दिसतो, त्याला लोक जळाल्याची खूण समजतात. खरें पाहतां तो बेरियम धातूचा थर, आंत चुकून राहिलेली हवा शोषून घेण्यासाठीं मुद्दाम बसविलेला. तो रुपेरी आहे तोंवर निर्वात अवस्था बहुधा शाबूत. तो पांढरा, दुधाळ झाला म्हणजे नळींत हवा शिरली आणि व्हॉल्व्ह संपला. चालू असतांना कांचेच्या आंतल्या बाजूस निळसर झाक दिसली तर भिण्याचें कारण नाहीं. विद्युदग्रांच्या मधल्या पोकळींत जांभळट धूर साचल्यासारखा प्रकाश दिसला, तर आंत वायु आहे.

व्हॉल्व्ह आपलें काम किती करतो हें मोजावयाची सोपी युक्ति खुद्द यंत्रांतच असते. कॅथोडखालीं एक लहान रोधक असतो. तो २५० ओहमचा असून त्यावर १२.५ व्होल्ट दिसले, तर ओहमच्या नियमानें ५० मिलिअँपियर प्रवाह वाहत आहे. ६व्ही६ चा अ‍ॅनोड व पडदा मिळून तितकाच प्रवाह अपेक्षित असतो. तेथें सात-आठच व्होल्ट दिसले आणि बाकीचे दाब ठीक असले, तर व्हॉल्व्ह थकला आहे. वीस दिसले तर व्हॉल्व्हला दोष देण्यापूर्वीं मागच्या कागदी कंडेन्सरकडे पाहावें.

व्हॉल्व्ह वयानेंच मरतो, असें मात्र समजूं नये. १९५६ सालीं अटलांटिक महासागराच्या तळाशीं जी पहिली टेलिफोनची तार घातली गेली, तिच्यांत ठराविक अंतरावर व्हॉल्व्हचेच ध्वनिवर्धक गुंफलेले होते. तेथें दुरुस्तीला कोण उतरणार? ती तार १९७८ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षें, सेवा करीत राहिली. व्हॉल्व्ह निवडून घेतलेले, त्यांच्यावर भार कमी आणि परिस्थिति स्थिर, एवढ्या तीन गोष्टींनीं हें साधलें. आमच्या आजोबांचा ध्वनिवर्धक बावीस वर्षें कोरड्या माळ्यावर निजला आणि पांच मिनिटांत जळाला. बावीस वर्षें दोहोंकडे सारखींच. फरक पडला तो वागणुकीचा.

परीक्षा करणाऱ्यानें स्वतःला जपावें, हें सांगितल्याशिवाय पुढें जाणें योग्य नव्हे. प्लग काढल्यानंतरही मोठ्या कंडेन्सरांत तीन-चारशें व्होल्टांचा साठा राहूं शकतो, आणि तो प्राणघातक असतो. योग्य रोधकानें तो निचरा करून, मीटरनें शून्य पाहूनच आंत हात घालावा. संवय नसल्यास जाणत्या कारागिराकडेच जावें. प्रथम वीज देतांना वाटेंत साठ वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा ओळीनें जोडावा. दिवा क्षणभर भडकून मंद झाला तर ठीक. प्रखरच राहिला तर आंत कोठें तरी मोठी चूक आहे, आणि दिव्यानें यंत्राचा भोग स्वतःवर घेतला आहे असें समजून वीज बंद करावी.

शेवटीं ट्रान्सफॉर्मर. हीं लोखंड व तांबें यांचीं सरळमार्गी माणसें. स्वतःहून सहसा बिघडत नाहींत, दुसऱ्याच्या पापानें जळतात. वीज न देतां त्यांच्या वेटोळ्यांचा रोध मोजावा. तार तुटलेली असेल तर मीटर लगेच सांगतो. दोन व्हॉल्व्ह जोडीनें काम करीत असतील तर वेटोळ्याचे दोन्ही अर्ध जवळजवळ सारखे भरले पाहिजेत.

श्रोतेहो, या सर्व खटाटोपांत दोन टोकांच्या चुका होतात. एक, सारेंच जुनें म्हणून फेकून देणें. दुसरी अधिक सुशिक्षित माणसांची चूक, ती म्हणजे सारेंच जुनें म्हणून एका दमांत बदलून टाकणें. तसें केलें म्हणजे यंत्र वाजतें खरें, पण तें आजोबांचें राहत नाहीं. त्यांच्या पेटींत दुसरेंच यंत्र वाजत असतें. कोणत्या कारखान्याचा व्हॉल्व्ह त्या काळीं नागपुरांत मिळत होता, कोणत्या रोधकाऐवजीं दोन जोडून काम भागविलें होतें, कोणत्या सांध्यावर कोणाच्या हातचें शिशाचें बोट आहे, हें सर्व त्या लोखंडी पेटींत लिहिलेलें आहे. या शहरानें आवाज कसा ऐकला याच्या इतिहासाचें तें एक पान आहे. जो भाग परीक्षेंत नापास झाला तोच बदलावा, काढलेला भाग पाकिटांत घालून त्यावर तारीख व मोजलेला आंकडा लिहावा, आणि तें पाकीट पेटींतच ठेवावें. पुढें हातीं घेणाऱ्याला आपण काय केलें आणि कां केलें हें कळलें पाहिजे.

आमच्या ट्रान्सफॉर्मरचें वेटोळें त्या कारागिरांनीं जुन्याच लोखंडावर पुन्हां गुंडाळून दिलें. तीन कंडेन्सर, दोन रोधक आणि एक व्हॉल्व्ह, एवढेंच बदललें. बाकी सारें आजोबांच्या वेळचें. यंत्र घरीं आणल्यावर मीं दिवा ओळीनें जोडला, दाब मोजले, तासभर वाट पाहिली आणि मगच तबकडी लावली. आजी त्या दिवशीं दारांत उभी राहिली नाहीं. ती आंत येऊन खुर्चींत बसली, आणि एक बाजू संपल्यावर म्हणाली, "दुसरी बाजू लाव."